कोरा नमुना

१

नदीचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला सगळे केमिस्टबाई म्हणत. शहरात धुणीभांडी झाली की साबणाचं पाणी मोरीतून गटारात जातं, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत. त्यातला साबण किती उरला आणि नदीनं किती पचवला, हे शोधून काढणं हे बाईंचं काम. "अख्ख्या शहराचं धुणं चव्हाट्यावर आणणारी बाई," असं गाडीचा ड्रायव्हर त्यांच्या तोंडावर म्हणे. त्यांना ते आवडे.

ठरलेल्या दिवशी सकाळी दोघं निघत. आधी नाल्याचं तोंड. तिथं पाण्यावर फेस इतका, की वारा सुटला की त्याचे गोळे रस्त्यावर येत. मग पूल, मग पंपघर, जिथून शहराच्या नळांना पाणी जाई. शेवटी, गाडीरस्ता संपल्यावर थोडं चालून, वरची जागा. तिथं नदी म्हणजे ओढाच. आसपास घर नाही, शेत नाही, गुरंसुद्धा नाहीत. तिथं साबण नसतो म्हणूनच तिथलं पाणी आणायचं. 'काहीच नाही' कसं दिसतं हे माहीत असल्याशिवाय 'किती आहे' हे सांगता येत नाही. या पाण्याला बाई कोरा नमुना म्हणत.

बाटल्यांखेरीज प्रत्येक जागी तारेच्या जाळीची एक पेटी पाण्यात सोडलेली असे. पेटीत कोऱ्या मांजरपाटाचा चौकोन, पिवळसर, खळ काढलेला, चारी कोपऱ्यांना ताणून बांधलेला. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक चमक घालतात, ती कापडाला चिकटते. पुढच्या फेरीला कापड काढून अंधारात जांभळ्या दिव्याखाली धरलं की साबणाचं पाणी कुठवर पोचलं ते कळतं. नाल्याचं कापड ट्यूबलाइटसारखं पेटे. वरच्या जागेचं नेहमी काळंठिक्कर राही.

त्या दिवशी वरच्या जागेची पेटी ड्रायव्हरनं ओढून काढली आणि म्हणाला, "ताई, हे कुणी इस्त्रीला टाकलं होतं का?"

आतलं कापड चौघडी घालून ठेवलेलं होतं.

बाईंनी आधी झाकण पाहिलं. झाकणाच्या तारेला त्या स्वतः पीळ देत आणि टोकं आत वळवत, हाताला लागू नयेत म्हणून. टोकं आत वळलेलीच होती. त्यांनी पेटी उघडून कापड उलगडलं. ते ओलं नव्हतं, दमट होतं, आणि त्यावर तिरप्या चुण्या होत्या. पिळून काढलेल्या कापडावर पडतात तशा. पिवळटपणा गेला होता. कोपऱ्यात न पुसणाऱ्या शाईनं घातलेली खूण होती, तीही गेली होती.

"कुणीतरी गंमत केली," बाई म्हणाल्या.

ड्रायव्हरनं काठावरच्या ओल्या वाळूकडे पाहिलं. तिच्यात दोघांचीच पावलं होती. "इतक्या लांब येऊन गंमत करणारा माणूस," तो म्हणाला, "आपली फजिती बघायला तरी थांबला असता."

२

दिव्याखाली ते कापड काळंच राहिलं. म्हणजे पावडर नाही.

मग बाईंनी पाणी घेतलं. काचेच्या लांबट नरसाळ्यात पाणी ओतायचं, त्यात निळा रंग घालायचा, वर क्लोरोफॉर्म घालून हलवायचं आणि स्टँडवर टांगून वाट बघायची. क्लोरोफॉर्म जड, तो तळाशी बसतो. पाण्यात साबण असेल तर तो रंगाचा हात धरून त्याला खाली घेऊन जातो आणि तळ निळा होतो. साबण नसेल तर रंग वरच राहतो, तळ काचेसारखा. हे बाईंनी इतक्यांदा पाहिलं होतं, की नाल्याच्या पाण्याचा तळ निळा होताना त्यांना घरचं कुणी जिना उतरून आल्यासारखं वाटे.

वरच्या जागेचा तळ काचेसारखा राहिला. म्हणजे साबणच नाही. साबणाशिवाय कुणीतरी कापड धुतलं होतं आणि ते साबणानं निघालं नसतं इतकं निघालं होतं.

प्रवाहानं गाठी सुटल्या असतील, बाईंनी स्वतःला सांगितलं. वाळूनं घासलं गेलं असेल. शाई कमी प्रतीची असेल. एकही कारण खोटं नव्हतं. पण चौघडी कोणत्याच कारणात बसेना.

पुढच्या फेरीला पंपघराजवळचं कापड तसंच मिळालं. त्यापुढच्या फेरीला पुलाखालचं. मग एका सकाळी ते नाल्याच्या तोंडाशी उतरले तर फेस नव्हता. नाला वाहत होता, सगळ्या शहराचं सांडपाणी घेऊन, आणि त्याचा तळ दिसत होता. वासही नव्हता. ड्रायव्हर नेहमी तिथं नाकाला रुमाल लावी. त्या दिवशी त्यानं रुमाल काढला, हातात धरून ठेवला आणि परत खिशात घातला.

बाईंनी त्या पाण्यात मुद्दाम मोजून साबण घातला आणि तपासलं. घातलेला साबणसुद्धा सापडला नाही. दुसऱ्यांदा तपासताना नरसाळं हलवून टांगलं आणि बघता बघता वरचा निळा रंगच फिका झाला. आकाशी झाला, पाणेरी झाला आणि गेला.

याचं उत्तर बाईंना ठाऊक होतं. गटाराच्या पाण्यात सडका वायू असतो, तो हा रंग उडवतो. पेरॉक्साइडचे थेंब टाकले की अडचण मिटते. त्यांनी थेंब टाकले, नवा रंग घातला, हवा मिसळावी म्हणून खूप हलवलं. नरसाळ्यात वर पाणी आणि खाली क्लोरोफॉर्म, दोन्ही इतके स्वच्छ, की मधली रेघ शोधावी लागली.

प्रयोगशाळेच्या साहेबांना त्यांनी हे सांगितलं. साहेब खूश झाले. "बाई, पाणी घाण निघालं तर तक्रार समजू शकतो. स्वच्छ निघालं तर तक्रार कुणाची, तुमची?"

"एवढा फेस गेला कुठं, साहेब?"

"कसला फेस?" साहेबांनी विचारलं. चेहऱ्यावरून ते थट्टा करत नव्हते.

३

घरी बाई आणि त्यांचे वडील, दोघंच. नाना आयुष्यभर कापडगिरणीत रंगारी होते. गिरणी बंद पडली, नाना म्हातारे झाले, पण हातांचा निळा रंग गेला नाही. नखांच्या कडा, बोटांची पेरं, तळहाताच्या रेषा, सगळं निळं. आई होती तोवर तिनं लिंबू, राख, रॉकेल सगळं करून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. "जगाचे कपडे निघतील," ती म्हणे, "तुमचे हात काही निघायचे नाहीत."

एका संध्याकाळी बाईंनी नानांना चहाचा कप दिला. कपाभोवती धरलेली बोटं गुलाबी होती. तान्ह्या मुलाची असतात तशी.

"नाना, हात बघू."

नानांनी कप खाली ठेवला आणि आज्ञाधारकपणे हात पुढे केले. बाईंनी उलटेसुलटे करून पाहिले. निळ्याचा ठिपका नव्हता.

"कसं निघालं हे?"

"काय निघालं?" नानांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "असेल निघालं. पाणी हल्ली छान येतंय गं. अंगाला लागतं."

पाण्याची तारीफ सगळी आळी करत होती. शेजारच्या दोघी जावा, ज्यांनी एकमेकींचं तोंड बघायचं नाही अशी शपथ घेतली होती, त्या एका सकाळी नळावर हसत बोलताना दिसल्या. बाईंनी थोरलीला विचारलं, "भांडण मिटलं वाटतं?" तिनं थोडा विचार केला. "भांडण?" ती म्हणाली. "आमचं कधी होतं?"

४

सुट्टीचा दिवस होता. नाना न्हाणीघरात होते आणि बाई बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ऊन फरशीवर आलं होतं. आत पाण्याचा आवाज, मग बादलीच्या काठावर तांब्या आपटल्याचा आवाज, मग अंग घासल्याचा: खस्स, खस्स, सावकाश, एका लयीत.

"कानामागे राहिलं," नाना आत म्हणाले.

बाईंचे हात थांबले.

"हां. तिथंच." नाना हसले. लहान मुलाला गुदगुल्या झाल्यावर ते जसं मान आखडून हसतं, तसं.

बाई उठून दाराशी गेल्या. "नाना, कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही. टॉवेल दे गं."

त्यांनी खुंटीवरचा टॉवेल काढला. दार बोटभर उघडलं, नानांचे दोन्ही हात बाहेर आले आणि त्यांनी टॉवेल घेतला. बाईंना दोन्ही हात दिसत होते. आत घासल्याचा आवाज चालू होता. खस्स, खस्स. नानांनी टॉवेल छातीशी धरला, क्षणभर डोळे मिटून उभे राहिले आणि मग दार परत लोटलं.

थोड्या वेळानं ते बाहेर आले. त्यांचा उजवा खांदा कित्येक वर्षं आखडलेला. हात कानाच्या वर जात नसे, म्हणून पाठीच्या मधोमध मळाचा एक पट्टा कायम राही आणि आठवड्यातून एकदा बाई तो दगडानं काढत. त्या दिवशी पाठ लख्ख होती.

बाई न्हाणीघरात गेल्या. कुणी नव्हतं. खिडकी हाताएवढी, तिला गज. साबणाची वडी कोरडी होती, इतकी की तिला भेगा पडल्या होत्या. बरेच दिवस कुणी ती भिजवली नव्हती. बादली काठोकाठ भरलेली होती. त्यातलं पाणी हलत होतं आणि बाई बघत उभ्या असेपर्यंत हलायचं थांबलं नाही.

म्हातारी माणसं स्वतःशी बोलतात. घासल्याचा आवाज शेजारच्या न्हाणीतून भिंतीवाटे येऊ शकतो. हे दोन्ही बाईंनी मनाशी मांडलं आणि बादली मोरीत ओतून दिली.

५

कपाटावर टिल्याचा फोटो होता. टिल्या हा बाईंचा धाकटा भाऊ. शाळेत असतानाच तापानं गेला. नाना तेव्हापासून त्याचं नाव घेत नसत. पण रोज सकाळी सदऱ्याच्या बाहीनं फोटोची काच पुसत आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे.

त्या सकाळी काच पुसून नाना फोटो हातात घेऊन स्वयंपाकघरात आले. "हा कुणाचा गं पोरगा?"

"नाना."

"गोड आहे. बघ कसा बघतोय, जसा काही आपल्यालाच ओळखतो."

बाईंनी गॅस बंद केला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. टिल्या कोण, कसा होता, ताप कसा आला, शेवटच्या दिवशी तो काय म्हणाला. आजवर बापलेकीत हे कधी बोलणं झालं नव्हतं. नाना ऐकत गेले आणि रडले. पण परक्याचं दुःख ऐकून भला माणूस रडतो, तसे. "फार वाईट," ते म्हणाले, "फार वाईट झालं त्या लोकांचं." मग तोंड धुवायला उठले. बेसिनचा नळ वाहिल्याचा आवाज आला.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा कोवळा दिसत होता. टिल्या गेला त्या वर्षी कपाळावर जी आठी पडली होती आणि पुढं कधी गेली नव्हती, ती नव्हती.

"काय गं सांगत होतीस मघाशी?" त्यांनी विचारलं.

बाईंनी परत सांगितलं नाही. नानांना झोप चांगली लागत होती, भूक लागत होती, खांदा हलका झाला होता. सुखात असलेल्या माणसाला ते दुःख काय म्हणून परत द्यायचं, हे त्यांना कळेना.

ड्रायव्हर शहराचं पाणी पीत नसे. त्यात काय काय सापडतं हे रोज गाडीतून वाहून नेणारा माणूस ते पिणार कसा; तो गावाकडच्या विहिरीचं पाणी कॅनमधून आणायचा. बाईंनी त्याच्याकडून पाणी मागवायला सुरुवात केली. नानांनी एक घोट घेतला आणि पेला सरकवला. "जड आहे," ते म्हणाले. बाई न्हाणीघराचा नळ बंद करून प्रयोगशाळेत जात. संध्याकाळी आल्या की नानांचे केस ओले असत.

साहेबांना त्यांनी पंपघर बंद ठेवायची विनंती केली. "पाणी फार स्वच्छ आहे म्हणून बंद करू?" साहेब म्हणाले. "लोक माझी धिंड काढतील, बाई." हे बोलून त्यांनी टेबलावरच्या पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं.

६

शेवटी बाईंनी ठरवलं, की वरच्या जागेची पेटी आणि तिथलं पाणी दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठवायचं. आपले डोळे चुकत असतील तर दुसऱ्याचे चुकणार नाहीत. सकाळ स्वच्छ होती. गाडीत ड्रायव्हर नेहमीप्रमाणे बडबडत होता, आणि मध्येच बाई म्हणाल्या, "मला एक भाऊ होता. टिल्या म्हणायचो."

ड्रायव्हरनं गाडीचा वेग कमी केला.

"नाना एकदा त्याला गिरणीत घेऊन गेले. नानांसारखे हात हवेत म्हणून यानं रंगाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातले. घरी येऊन भिंतीवर, दारावर, आईच्या पाठीवर, सगळीकडे निळे पंजे उठवले. आई मारायला धावली आणि हसतच बसली. पुढच्या पावसाळ्यात तो गेला. भिंतीवरचे पंजे आईनं कुणाला पुसू दिले नाहीत."

"हे मला का सांगताय, ताई?"

"कुणाच्या तरी जवळ असावं," बाई म्हणाल्या. "आमच्या घरात आता माझ्या एकटीकडे आहे."

ड्रायव्हरनं मान हलवली. रस्ता संपला तिथं त्यानं गाडी उभी केली. त्याला खाली यायचं नव्हतं आणि त्यानं तसं सरळ सांगितलं. "इथंच थांबतो. हाक मारा, धावत येतो."

पायवाटेनं उतरताना बाईंना आवाज आला. थप्. मग तेवढाच वेळ शांत. मग थप्. दगडावर ओलं कापड आपटल्याचा. घाई नाही, थकवा नाही. ओढ्याच्या वळणाशी बाई पोचल्या आणि आवाज थांबला. दगडांवर कुणी नव्हतं. फक्त सगळे दगड ओले होते, पाण्यापासून लांबचेसुद्धा.

बाईंनी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घातले होते. पेटी एका कपारीखाली दोरीनं सोडलेली असे. दोरी ओढली, ती येईना. कुठंतरी अडकली होती. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि कपारीत हात घातले. पाणी गार नव्हतं. अंघोळीला काढावं तसं कोमट होतं.

पेटीची तार बोटांना लागली. आणि मग उजवा हातमोजा निघायला लागला. ओढला गेला नाही. कोपरापासून हलकेच गुंडाळत गुंडाळत निघाला, झोपाळलेल्या मुलाची बाही काढावी तसा. मग डावा.

बाईंनी खाली पाहिलं. पाणी इतकं नितळ होतं, की पाणी नाहीच असं वाटत होतं. त्यांचे दोन हात होते. त्यांच्या हातांना धरून आणखी दोन हात होते, कपारीच्या आतल्या अंधारातून आलेले, पांढरे, फार वेळ पाण्यात राहिल्यावर बोटं सुरकुततात तशी सुरकुतलेली. मनगटापासून आत जिथवर दिसत होते तिथवर सुरकुतलेले. ते बाईंचं एकेक बोट घेऊन चोळत होते. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. काहीही राहू नये याची काळजी घेत.

ओरडावं असं बाईंच्या मनात आलं. ड्रायव्हर हाकेच्या अंतरावर होता. पण लहानपणानंतर कुणी त्यांचे हात धुतले नव्हते, आणि त्या हातांत जोर अजिबात नव्हता. त्यांनी थोडा वेळ हात तसेच राहू दिले.

७

बाई वर आल्या तेव्हा ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता. "फार वेळ लावला. पेटी कुठाय?"

"पेटी?" बाईंनी स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि हसल्या. "राहिली वाटतं."

"मी आणू?"

"नको. राहू दे."

त्या पुढच्या सीटवर बसल्या, हात मांडीवर ठेवून. ड्रायव्हरनं एकदा त्या हातांकडे पाहिलं आणि नजर रस्त्यावर ठेवली. शांतता त्याला सोसवेना, म्हणून तो म्हणाला, "माझा पुतण्या आहे ना, तोही तुमच्या टिल्यासारखाच. सगळ्यात हात घालणार."

"कोण टिल्या?"

"घ्या. आता माझी परीक्षा घ्या." ड्रायव्हर हसला. "मला सगळं पाठ आहे. पिंपात हात घातले कोपरापर्यंत, मग भिंतीवर पंजे, दारावर पंजे, आईच्या पाठीवर पंजे."

बाई त्याच्याकडे वळून बसल्या आणि मन लावून ऐकू लागल्या. आईच्या पाठीवरच्या पंजांपाशी त्या मनापासून हसल्या. त्यांना असं हसताना ड्रायव्हरनं कधी पाहिलं नव्हतं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "मग? पुढं मोठा होऊन काय झाला तो?"

ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. त्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि त्याला बाईंकडे बघवत नव्हतं.

बाईंनी काच खाली केली. वारा चांगला होता. त्यांना कसलीच घाई नव्हती. त्या उत्तराची वाट बघत बसल्या.